रुमालाची जागा

"त्याला हात लावू नको."

मी रुमाल उचलायला वाकले होते. बाकावरच्या त्या निळ्या चौकटीच्या रुमालावर माझ्या हाताआधी दुसराच एक हात पडला. इवलासा, बोटांना गूळ लागलेला. मी मान वर केली. आजीच्या मांडीवर बसलेली चार-साडेचार वर्षांची मुलगी माझ्याकडे रोखून बघत होती.

"का गं?"

"तो तुझा न्हाई."

एसटीत कंडक्टर म्हणून लागल्याला मला त्या दिवशी आठवा दिवस होता. गारगोटीहून कोल्हापूरला जाणारी सकाळी सात दहाची गाडी, त्यातून सोमवार. बायका तेव्हा या नोकरीत नव्यानेच येत होत्या. गाडीत चढणारा प्रत्येक जण आधी माझ्या खाकी कपड्यांकडे बघायचा, मग तोंडाकडे, आणि मग "कंडक्टर कुठायत?" असं मलाच विचारायचा. त्यामुळे पहिल्या आठवड्यातच मी एक गोष्ट ठरवून टाकली होती. आवाज चढा ठेवायचा आणि एकदा बोललेला शब्द मागे घ्यायचा नाही. ड्रायव्हर बाळगोंडामामांनीही तेच शिकवलं होतं. "बाई, गाडीचं स्टेअरिंग माझ्याकडं, पण गाडी तुमची. तुमी म्हणशीला तसं व्हायला पायजे."

आणि आता माझ्याच गाडीत ही मुलगी मला रुमालाला हात लावू देत नव्हती.

माझ्या मागे मगदूम गुरुजी उभे होते. आमच्या गावच्या शाळेचे मुख्याध्यापक. त्यांच्या हाताखाली मी सातवीपर्यंत शिकले. रिटायर होऊन त्यांना चार-पाच वर्षं झाली होती. पांढरं धोतर, काळी टोपी, हातात काठी. गुडघा सुजला होता म्हणून कोल्हापूरला डॉक्टरकडे निघाले होते. गाडीच्या पायऱ्या चढतानाच त्यांचा चेहरा कळवळला होता. मला पाहिल्यावर मात्र हसले आणि म्हणाले, "अरे वा, विजयमाला! आता तू आम्हाला रांगेत उभं करणार!" गाडीतली निम्मी माणसं त्यांचे विद्यार्थी नाहीतर विद्यार्थ्यांचे आईबाप. सगळ्यांनी नमस्कार केले. पण गाडी अशी खच्चून भरली होती की उठणार कोण? जो तो दुसऱ्याकडे बघत होता.

मग मला ही जागा दिसली. तिघांच्या बाकावर खिडकीशी तान्हं बाळ घेतलेली एक बाई, मधे आजी, आजीच्या मांडीवर मुलगी, आणि कडेला नुसता रुमाल.

"रुमाल कुणाचा आहे?" मी आवाज चढवून विचारलं. कुणी काही बोललं नाही. दुसऱ्यांदा विचारलं. तरी कुणी नाही. म्हणून मी वाकले होते.

"गौतमे, हात काढ," आजी म्हणाली. हौसाक्का तिचं नाव, ओळखीची बाई होती, शेजारच्याच वाडीची. "गुरुजींना बसू दे. म्हातारं माणूस हाय."

"इथं ताई हाय."

"कुठली ताई?"

"हिरव्या ओढणीची."

मी इकडेतिकडे पाहिलं. गाडीत हिरवी ओढणी कुठेच नव्हती. "तुझी ताई आहे का ती?" मी विचारलं.

"न्हाई."

"तुला सांगून गेली का, माझी जागा सांभाळ म्हणून?"

"न्हाई."

"मग तुला काय करायचंय?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी फारच सोपा प्रश्न विचारला. "तिनं रुमाल ठेवलाय की!"

मागून कुणीतरी हसलं. गुरुजी काठीवर भार देत म्हणाले, "राहू दे विजू, उभा राहतो मी."

तेवढं ऐकल्यावर तर मला फारच लाज वाटली. ज्या माणसाने मला बाराखडी शिकवली, तो दीड तास सुजलेल्या गुडघ्यावर उभा राहणार, आणि तेही मी कंडक्टर असलेल्या गाडीत!

"हौसाक्का, नातीला जरा समजवा," मी म्हटलं.

हौसाक्कांनी पदर तोंडाला लावला. "काय समजवू बाई? सकाळी मीच शिकवलंय. गाडी लागली तशी मी खिडकीतनं माझा टावेल टाकला. ही म्हणाली, असं का टाकलास? मी म्हटलं, आता ही जागा आपली झाली, आता हितं दुसऱ्या कुणी बसायचं न्हाई. तवापासनं तेच धरून बसलीय."

"अहो पण तो तुमच्या टॉवेलापुरता नियम होता."

"तेच तर तिला कळंना!"

आता गाडीतल्या सगळ्यांनाच या भांडणात रस वाटायला लागला होता. खिडकीशी बसलेली बाळवाली बाई लाडाने म्हणाली, "गौतमी, तू किती शहाणी आहेस! मगाशी मला तुझी जागा दिलीस की नाही? स्वतः उठून आजीच्या मांडीवर बसलीस. तशीच आता गुरुजींना दे बघू."

मला हे ठाऊक नव्हतं. म्हणजे खिडकीची जागा या मुलीची होती आणि तिने ती कुणी न सांगता देऊन टाकली होती.

गौतमीने बाईकडे पाहिलं, मग गुरुजींकडे, मग रुमालाकडे. तिला खरंच अवघड पडलं होतं. गुरुजींची काठी, त्यांचा वाकडा पाय, सगळं तिला दिसत होतं. पण रुमालावरचा हात काही हलला नाही.

"ती माझी होती," ती म्हणाली. "ही माझी न्हाई."

कुणी काही बोलायच्या आत बाळगोंडामामांनी हॉर्न वाजवला. सात बारा झाले होते. पलीकडून कंट्रोलर हातवारे करत होते. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, आठव्या दिवशी आपली गाडी लेट होतेय. मी गौतमीचा हात हळूच बाजूला केला, रुमाल उचलला, वरच्या फळीवर टाकला आणि म्हणाले, "गुरुजी, बसा."

गुरुजी क्षणभर घुटमळले. पण गुडघ्यापुढे कुणाचं काय चालतं? ते बसले.

ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती रडली नाही. पाय आखडून घेतले, गुरुजींना तिचा पाय लागू नये इतके, आणि खालच्या आवाजात म्हणाली, "तुमी विचारलं न्हाईसा."

"कुणाला विचारू, बाळ?" गुरुजी म्हणाले.

"ताईला."

"पण ताई इथे नाही ना."

"मग थांबायचं."

मी दोरी दोनदा ओढली. टण टण. मामांनी गाडी मागे घ्यायला सुरुवात केली.

तेव्हा मात्र ती ओरडली. एवढ्याशा छातीतून एवढा आवाज निघतो यावर माझा विश्वास बसला नसता. "ताई राहिली! ताई राहिली!" हौसाक्का तिला खाली ओढायला लागल्या. ती सुळकन मांडीवरून घसरली, बाकाखाली शिरली आणि एक कापडी पिशवी ओढत बाहेर आली. "ही बघा! ही ताईची पिशवी!"

मी पुन्हा घंटी द्यायला हवी होती. मी दोरीकडे हात नेला आणि थांबले. गाडी निघाली होती. एकदा बोललेला शब्द मागे घ्यायचा नाही, असं मी ठरवलं होतं. किती वेळ थांबले? पाच सेकंद असतील. आज सांगताना ती पाच सेकंद मला लांबच लांब वाटतात.

काठी खालच्या पत्र्यावर आपटल्याचा आवाज आला. गुरुजी उठून उभे राहिले होते, गुडघ्याचं विसरून.

"विजयमाला, गाडी थांबव."

वर्गात म्हणायचे त्याच आवाजात. मी दोरी ओढली. टण. गाडी गचका देऊन थांबली, उभी माणसं एकमेकांवर पडली, मामा केबिनमधून काहीतरी बोलले ते मी इथे सांगत नाही.

आणि स्टँडच्या फाटकातून एक मुलगी धावत आली. अठरा-एकोणीस वर्षांची. हिरवी ओढणी खांद्यावरून सुटून मागे लोंबत होती, दोन्ही हातांनी छातीशी कागदांचा गठ्ठा धरलेला. "थांबा, थांबा हो!" ती ओरडत होती. गाडी थांबलीच होती, पण बिचारीला ते कळत नव्हतं.

मी दार उघडलं. ती आत आली आणि खांबाला धरून श्वास घेत राहिली.

"झेरॉक्सवाला... सातला उघडतो म्हणाला... आज सात पाचला... मावशी, माझी पिशवी आहे ना?"

गौतमीने पिशवी दोन्ही हातांनी उचलून पुढे केली.

तिचं नाव तस्लीम मुजावर. कोल्हापूरला नर्सिंगच्या प्रवेशासाठी तिची मुलाखत होती, दहा वाजता. गुणपत्रिकेच्या प्रती हव्या होत्या म्हणून ती समोरच्या दुकानात गेली होती. पिशवीत तिचा मुलाखतीचा कागद होता. मागची गाडी सव्वानऊला. हे सगळं तिने दोन वाक्यांत सांगितलं, आणि ऐकता ऐकता माझे कान तापत गेले.

गुरुजी अजून उभेच होते. बाकाची कडेची जागा रिकामी होती आणि तिथे बसायला कुणीच पुढे होईना.

"बसा ना तुम्ही," तस्लीम म्हणाली.

गुरुजींनी गौतमीकडे पाहिलं. गौतमी गंभीरपणे म्हणाली, "आता विचारा."

गुरुजींनी टोपी सारखी केली. "बाळ, माझा गुडघा दुखतो," ते तस्लीमला म्हणाले. "तुझ्या जागेवर मी बसू का?"

"बसा की, आजोबा. मी राहते उभी. धावून आले, आता बसवणार पण नाही मला."

गौतमीने ते नीट ऐकून घेतलं. मग आखडलेले पाय सैल केले, बाकावर हात थोपटला आणि म्हणाली, "बसा."

सगळी गाडी हसली. मीही हसले, पण माझी सुटका व्हायची होती. तिने माझ्याकडे बोट केलं.

"मावशी, तू तिचा रुमाल काढलास."

मी फळीवरचा रुमाल काढला, झटकला, घडी केली आणि तस्लीमच्या हातात दिला. "चुकलं माझं," मी म्हणाले. खाकी कपड्यांत हे शब्द मी पहिल्यांदाच बोलले. वाटलं होतं की आता गाडीतलं कुणी माझं ऐकणार नाही. पण मी "सरका पुढे, दारात थांबू नका" म्हटलं आणि माणसं चक्क सरकली. मामांनी आरशातून बघून विचारलं, "बाई, आता जायचं का, आणि कुणाला विचारायचंय?"

मी गौतमीकडे बघितलं. तिने मान डोलावली. टण टण.

मुदाळ तिट्टा येईपर्यंत माझी तिकिटं फाडून झाली होती. मी त्या बाकाजवळ येऊन उभी राहिले. गुरुजींनी गौतमीची परीक्षा घ्यायला सुरुवात केली होती. शिक्षक रिटायर होतो म्हणजे काय, फक्त पगार बदलतो.

"तू बालवाडीत जातेस?"

"होय."

"तिथे डबा कुठल्या हाताने खायचा?"

"या." तिने उजवा हात वर केला.

"समजा, बाई म्हणाल्या की आज सगळ्यांनी डाव्या हाताने खायचं. गंमत म्हणून. मग चालेल?"

तिने जरा विचार केला. "चालंल. सांडंल."

"बरं. आणि बाई म्हणाल्या, आज शेजारच्याचा डबा खाऊन टाक, त्याला न विचारता. मग?"

"न्हाई."

"का? बाईंनीच सांगितलंय."

"त्याला भूक लागंल की!"

"आणि मी सांगितलं तर?"

"तरी न्हाई."

गुरुजी आता रंगात आले. "आणि कलेक्टरसाहेबांनी सांगितलं तर?"

"कलेक्टर कोण?"

"सगळ्यांत मोठे साहेब. त्यांचं सगळे ऐकतात."

गौतमीने कपाळाला आठी घातली. एवढ्या मोठ्या साहेबाला दुसऱ्याच्या डब्याची काय गरज, हे कोडं तिला सुटत नव्हतं. शेवटी म्हणाली, "त्यांना डबा दिला न्हाई का घरातनं?"

तस्लीम हसता हसता खांबावर डोकं टेकून राहिली. मुलाखतीची भीती तिच्या चेहऱ्यावरून केव्हाच पळाली होती. बाळवाली बाई हसली तसं तिचं बाळ जागं झालं आणि तेही हसायला लागलं. हौसाक्का मात्र कपाळावर हात मारून घेत होत्या. "आता घरी जाऊन हिच्यासमोर तोंड उघडायची सोय ऱ्हायली न्हाई बघा. शेजारच्या परसातली कढीलिंबाची डहाळी रोज मोडून आणते मी!"

"विचारून?" गौतमीने लगेच मान वळवली.

"विचारून गं बाई, विचारून," हौसाक्का घाईघाईने म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

बिद्रीच्या पुढे एक जागा रिकामी झाली, तिथे तस्लीम बसली. गौतमी आजीच्या मांडीवर झोपून गेली. खिडकीबाहेर ऊस मागे जात होता आणि गुरुजी हातातल्या काठीची मूठ चोळत राहिले होते. मला वाटलं, गुडघा दुखत असेल.

कोल्हापूरच्या स्टँडवर आम्ही नऊला दहा कमी असताना पोचलो. तस्लीम पळत सुटली आणि परत येऊन झोपलेल्या गौतमीच्या गालाला हात लावून पुन्हा पळाली. हौसाक्कांनी नातीला खांद्यावर टाकलं. माणसं भराभर उतरली. गुरुजी बसूनच होते. मी हिशेबाचा कागद भरत होते. त्यांना हात द्यावा म्हणून मी जवळ गेले.

"विजयमाला," ते म्हणाले, "तू सातवीत होतीस तेव्हा निबंधाच्या स्पर्धेत तालुक्यात पहिली आली होतीस."

"होय गुरुजी."

"बक्षीस काय होतं?"

मला आठवायला वेळ लागला नाही. मी फक्त बोलायला वेळ घेतला. "कंपासपेटी."

पितळी रंगाची होती. झाकणावर होकायंत्राचं चित्र. प्रार्थनेच्या वेळी गुरुजींनी ती सगळ्यांना उंच धरून दाखवली आणि मला पुढे बोलावलं. मी पुढे गेले. मग ते म्हणाले होते, "आपल्या सातवीतल्या पार्वतीचे वडील गेल्या महिन्यात वारले. तिच्याकडे पेटी नाही. विजयमाला समजूतदार मुलगी आहे. ती आपलं बक्षीस पार्वतीला देत आहे." सगळ्या शाळेने टाळ्या वाजवल्या होत्या. मीही वाजवल्या होत्या. पेटी माझ्या हातात आलीच नव्हती.

घरी मी बक्षिसाचं कुणाला सांगितलं नाही. गुरुजींवर रागही धरला नाही. पार्वती माझी मैत्रीण होती, आणि तिला खरोखरच पेटीची गरज होती. त्यामुळे मला काय सलतंय हे मलाच कधी धड समजलं नव्हतं. आणि कुणाला सांगणार? चांगल्याच कामाला तर गेली होती ती.

"मी तुला विचारलं नव्हतं," गुरुजी म्हणाले.

"नाही."

"चाळीस वर्षं पोरांना असंच सांगत आलो. दे रे त्याला तुझी पाटी. सरक गं, तिला बसू दे. वाटायचं, मी त्यांना द्यायला शिकवतोय." ते थांबले. "विचारलं असतं तर दिली असतीस?"

मी खरंच विचार केला. बारा वर्षांची विजू डोळ्यांसमोर आणली. तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, रिकामे हात.

"दिली असती, गुरुजी," मी म्हणाले. "थोडी रडले असते. पण दिली असती. मग ती मी दिलेली असती."

गुरुजींनी मान हलवली. वहीत उत्तर बरोबर आलं की हलवायचे तशी. बाहेर लाउडस्पीकरवर कुठल्या कुठल्या गाड्यांची नावं सांगत होते.

मामा खालून पत्र्यावर थाप मारत म्हणाले, "बाई, वीस मिनिटं हायत. चहाला येताय न्हवं?"

"आले मामा."

गुरुजी काठी टेकत उठले. दारापाशी गेले, एक पायरी उतरले आणि वळले. त्यांच्या चेहऱ्यावर असं काहीतरी होतं, जे मी शाळेत कधी पाहिलं नव्हतं. शिक्षकाच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर असतं ना, तसं.

"डॉक्टरांकडे अकराला जायचंय," ते म्हणाले. "तुमच्याबरोबर चहाला मी येऊ का?"

"या की, गुरुजी," मी म्हणाले, आणि त्यांच्या हाताला धरून त्यांना खाली उतरवलं.